चांगुले नव्हे, चौगुले

अँटवर्पला १९२० साली झालेल्या ऑलिंपिकमधल्या मॅरेथॉनचा निकाल चाळताना नजर पहिल्या तीन नावांवर थांबते आणि मग भराभर खाली घसरते. एकोणिसाव्या ओळीत देश भारत, वेळ २ तास ५० मिनिटं ४५.४ सेकंद, आणि नाव चांगुले. मराठी माणूस इथे अडखळतो. आपल्याकडे चांगले असतात, चांगदेव असतात, पण चांगुले? रोमन लिपीत हाताने लिहिलेल्या 'यू' आणि 'एन' या अक्षरांत फरक काय तो कमान खाली की वर एवढाच. कुणा कारकुनाने घाईत लिहिलं, पुढच्याने दिसलं तसं उतरवलं, आणि बेळगावचे फडेप्पा दारेप्पा चौगुले कित्येक तक्त्यांत चांगुले होऊन बसले. नंतरच्या अभ्यासकांनी ही चूक सुधारली आहे, तरी जुन्या याद्यांवरून उतरवलेल्या याद्यांत ती अजून भेटते.

मोडी कागद वाचणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. गावाचं किंवा माणसाचं नाव तीन कागदांत तीन तऱ्हांनी आलं की घाई न करता तिन्ही शेजारी मांडायचे, आणि लिहिणाऱ्याच्या कानाला काय ऐकू आलं असेल, त्याच्या हाताला कुठली सवय असेल, याचा अंदाज घ्यायचा. अँटवर्पच्या भारतीय संघाची यादी तशीच वाचावी लागते. सहा जण होते. धावणारे चार: चौगुले, सदाशिव दातार, कैकाडी आणि बंगालचे बॅनर्जी. कुस्तीगीर दोन: कुमार नवले आणि रणधीर शिंदे. पैकी शिंद्यांचं आडनाव निकालपत्रांत 'शिंदेस' असं छापलं जातं. शेवटचा 'स' युरोपात चिकटला हे सांगायला मराठी वाचकाला कुणा तज्ज्ञाची गरज नाही. बॅनर्जींचं पहिलं नाव 'पूर्मा' छापतात. हे 'पूर्ण' असणार, बहुधा पूर्णचंद्र, असं माझं वाचन आहे. इथेही 'एन'ची एक कमान वाढली की 'एम' होतो. सहांपैकी तिघांची नावं अशी वाकडी झाली. नॉर्मन प्रिचर्ड १९०० साली पॅरिसला धावले होते, पण ते एकटे. भारताचा म्हणून निवडून पाठवलेला पहिला संघ हा, आणि त्याची ओळख कागदावर अशी उमटली.

यात दोष एकट्या कारकुनाचा नाही. महायुद्ध नोव्हेंबर १९१८ मध्ये संपलं आणि एप्रिल १९१९ मध्ये अँटवर्पला यजमानपद मिळालं, म्हणजे तयारीला जेमतेम सव्वा वर्ष. देश युद्धात भरडून निघालेला. खेळाडूंना शाळांच्या वर्गांत घडीच्या खाटा टाकून झोपवलं होतं. आयोजन समिती पुढे कर्जात बुडाली आणि दर ऑलिंपिकनंतर निघणारा जाडजूड अधिकृत अहवाल त्या वेळी निघालाच नाही. बेल्जियमच्या ऑलिंपिक समितीने जो अहवाल काढला तो १९५७ साली, तोही त्रोटक. सगळ्या खेळाडूंचे सगळे निकाल एकत्र मिळाले ते बिल मॅलन आणि अँथनी बायकर्क यांनी वर्तमानपत्रं आणि देशोदेशीची दप्तरं धुंडाळून २००३ मध्ये केलेल्या पुस्तकात. म्हणजे चौगुल्यांची ती एक ओळ सरकारी दप्तरात सुखाने पडून राहिलेली नाही. ती भंगारातून वेचून आणलेली आहे.

दुसरा महत्त्वाचा कागद म्हणजे सर दोराबजी टाटा यांनी २१ मे १९२९ रोजी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष काउंट आँरी द बाये-लातूर यांना लिहिलेलं पत्र. भारतात ऑलिंपिकची चळवळ उभी कशी राहिली, याची हकिगत त्यात आहे. बोरिया मजुमदार आणि नलिन मेहता यांनी भारतीय ऑलिंपिकच्या इतिहासावर २००८ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात या पत्राचा सविस्तर वापर केल्यामुळे ते चर्चेत आलं. दोराबजी केंब्रिजला शिकलेले, तरुणपणी स्वतः खेळलेले. मुंबईच्या शाळांमध्ये मैदानी स्पर्धा सुरू करण्यात आपला हात होता, हे ते आधी सांगतात. मग पत्र पुण्याला येतं. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याचे ते अध्यक्ष होते. तिथल्या क्रीडामेळाव्याचं त्यांनी केलेलं वर्णन मोठं गमतीचं आहे: उत्साह उदंड, व्यवस्था यथातथाच. मैदान इतकं आखूड की शंभर यार्डांची शर्यतसुद्धा वळण घेऊन पळायची. आणि लांब पल्ल्याच्या शर्यतीत, सुमारे २५ मैलांच्या, खेड्यापाड्यांतून आलेले शेतकरी रस्त्यावरून अनवाणी धावले. त्यांच्या वेळा युरोपातल्या वेळांशी ताडून पाहिल्यावर दोराबजींना आशा वाटू लागली. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड मेळाव्याला हजर होते. यातल्या तीन धावपटूंना मी स्वखर्चाने अँटवर्पला पाठवतो, नीट आहार आणि इंग्रज प्रशिक्षक मिळाले तर ती मुलं देशाचं नाव राखतील, असं दोराबजींनी त्यांच्यापुढे मांडलं.

हे पत्र पुष्कळांनी वापरलं आहे. त्यातलं 'अनवाणी' तेवढं उचललं गेलं आणि पुढची एक गोष्ट मागे राहिली. दोराबजींचा प्रस्ताव तीन धावपटूंचा होता. तीनाचे सहा झाले ते पुण्यामुळे. पाठवायचाच तर पूर्ण संघ पाठवू, अशी ईर्षा तिथल्या राष्ट्रीय वृत्तीच्या मंडळींना चढली, असं खुद्द दोराबजी लिहितात. आणि त्या वाक्यात कौतुक आहे तसा किंचित कंटाळाही आहे, असा मला वास येतो. पैसे कुठून येणार हा विचार आधी करणारा उद्योगपती एका बाजूला, आणि नाक वर ठेवायचं ही पहिली अट असणारं पुणं दुसऱ्या बाजूला. संघ जन्माला आला तो या दोघांच्या ओढाताणीतून. एका दानशूराच्या कृपेने चार खेडूत परदेशी गेले, ही जी सोपी गोष्ट सांगितली जाते, तिला हे पत्रच आधार देत नाही.

आता अनवाणीपणाबद्दल. चौगुले अँटवर्पला अनवाणी धावले, असं छापलेलं मी अनेकदा वाचलं आहे. पत्रातले अनवाणी पाय पुण्याच्या रस्त्यावरचे आहेत, आणि ते एका माणसाचे नव्हे तर एका गर्दीचे आहेत. अँटवर्पच्या निकालपत्रात बुटांचा रकाना नाही. शिवाय पत्र कुणाला लिहिलं आहे तेही पाहायला हवं. बाये-लातूर हे १९२५ पासून ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष, पण त्याआधी अँटवर्पच्या आयोजनाची धुरा त्यांच्याच खांद्यावर होती. ज्याने तो मांडव स्वतः घातला त्याला मांडवात काय झालं हे कोण सांगत बसेल? म्हणून पत्राचा सगळा भर पुण्यावर आहे, काउंटने न पाहिलेल्या भागावर. पुण्याचा तपशील उचलून बेल्जियममध्ये नेऊन ठेवला तर गोष्ट रंगते, पण तिचा इतिहास होत नाही.

अनवाणीच्या गोष्टीचा मला आणखी एक राग आहे. ती ऐकली की माणूस हळहळतो, कौतुक करतो आणि पुढे जातो. किती वेळात धावला हे विचारायचं त्याला सुचत नाही.

तर वेळ बघू. पण वेळेआधी अंतर बघावं लागतं, कारण १९२० मध्ये मॅरेथॉन म्हणजे किती याचा निर्णय झालेला नव्हता. १९०८ मध्ये लंडनला राजवाड्यापासून राजाच्या आसनापर्यंत २६ मैल ३८५ यार्ड धावले. १९१२ मध्ये स्टॉकहोमला ४०.२ किलोमीटर. तेच लंडनचं अंतर, ४२.१९५ किलोमीटर, कायमचं ठरलं १९२१ मध्ये. अँटवर्पला ४२.७५ किलोमीटर धावायचं होतं, आजच्यापेक्षा ५५५ मीटर जास्त, आणि ऑलिंपिकच्या इतिहासात याहून लांब मॅरेथॉन झालेली नाही. हे विसरून चौगुल्यांची वेळ आजच्या वेळेशेजारी ठेवली की ती उगाच दोन सव्वादोन मिनिटं हळू दिसते. त्याच गतीने ४२.१९५ किलोमीटर धरले तर हिशेब होतो २ तास ४८ मिनिटं ३२ सेकंद.

दर किलोमीटरला ३ मिनिटं ५९.७ सेकंद. चार मिनिटांना एक तृतीयांश सेकंद कमी. आकडा कागदावर कळतो, पायाला कळत नाही, म्हणून मी तो माझ्या रस्त्यावर आणून पाहिला. मी जोगेश्वरी पूर्वेला राहतो. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड पश्चिम द्रुतगती मार्गापासून पूर्व द्रुतगती मार्गापर्यंत साधारण साडेदहा किलोमीटर. सीप्झ, आरेचा चढ, पवईचा तलाव, आयआयटीचा दरवाजा, मग कांजूर आणि विक्रोळी. विक्रोळीला जाऊन परत यायचं, मग पुन्हा जाऊन परत यायचं, म्हणजे ४२ किलोमीटर. त्यावर आणखी पाऊण किलोमीटर धावलं की अँटवर्प पूर्ण. चौगुले आपल्या गतीने हा रस्ता एका दिशेने ४२ मिनिटांत कापतील आणि तसंच चार वेळा करतील. संध्याकाळी सात वाजता गांधीनगरच्या चौकात बसच्या खिडकीशी बसून मी हे गणित केलं, तेव्हा ते बसच्या पुढे होते.

वेळेचा अर्थ लागायला सोबत कोण होतं हेही हवं. २२ ऑगस्ट १९२०. हवा गार, पाऊस. सुरुवातीला ४८ धावपटू, शेवटी पोचले ३५. जे वाटेत थांबले त्यांत आपले दातार होते आणि दक्षिण आफ्रिकेचा ख्रिश्चन गिटशॅमही होता. हा स्टॉकहोमचा रौप्यपदक विजेता, आणि इथेही निम्म्या शर्यतीपर्यंत पुढच्यांत धावलेला. जिंकला तो फिनलंडचा हानेस कोलेहमाइनेन, २ तास ३२ मिनिटं ३५.८ सेकंदांत. त्याच्या मागे अवघ्या १२.८ सेकंदांनी एस्टोनियाचा युरी लॉसमन. तिसरा इटलीचा व्हॅलेरिओ आर्री, ज्याने शर्यत संपल्यावर, अंगात उरलं होतं म्हणून, तीन कोलांट्या मारून दाखवल्या. चौगुले विजेत्याच्या मागे १८ मिनिटं १० सेकंदांनी. त्यांच्या गतीने म्हणजे साडेचार किलोमीटर. कोलेहमाइनेन पोचला तेव्हा चौगुले, आमच्या रस्त्यावर सांगायचं तर, अजून पवईच्या तलावापाशी होते आणि त्यांना जोगेश्वरी गाठायची होती.

कोलेहमाइनेन कोण होता? आठ वर्षांपूर्वी स्टॉकहोमला त्याने पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि क्रॉसकंट्री अशी तीन सुवर्णपदकं नेली होती. पेशाने गवंडी, मधली वर्षं अमेरिकेत काढलेला. त्याच्या देशात हिवाळ्यात लाकडी पट्ट्यांवर उभं राहून मैलोन् मैल बर्फ तुडवायचा आणि उन्हाळ्यात रानवाटांनी पळायचं. दम एकच, ऋतूप्रमाणे त्याचं वाहन बदलतं. स्कीवरून लांब पल्ल्याची शर्यत ऑलिंपिकमध्ये यायला १९२४ उजाडलं, पण फिनलंडच्या धावपटूंचा दम त्या देशाच्या हिवाळ्यातच पिकत होता. आपल्याकडे हा दम कुठे पिकत होता? पेशवे दप्तरातल्या पत्रांत जासूद आणि काशीद पानोपानी भेटतात. पायी चालत, पळत, दिवसांचा हिशेब ठेवत कागद पोचवणारी माणसं. आषाढीला पंढरपूरला निघणारी माणसं आणि आठवड्याच्या बाजाराला डोक्यावर ओझं घेऊन डोंगर उतरणारी माणसं. पल्ला हा शब्द आपल्या भाषेत खेळाच्या आधी रोजीरोटीतून आलेला आहे. दोराबजींनी पुण्यात पाहिलेले शेतकरी प्रशिक्षण नसलेले होते हे खरं. सराव नसलेले मात्र नव्हते.

पहिल्या दोघांबद्दल आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी. १९१२ मध्ये फिनलंड आणि एस्टोनिया दोन्ही रशियन साम्राज्यात होते. कोलेहमाइनेन स्टॉकहोमला जिंकला तेव्हा खांबावर चढला तो रशियाचा झेंडा. अँटवर्पला तो पहिल्यांदाच आपल्या देशाच्या झेंड्याखाली धावला, आणि लॉसमनचा देश तर दोन वर्षांचा होता. त्याच महिन्याच्या १ तारखेला मुंबईत सरदारगृहात लोकमान्य गेले होते आणि त्याच दिवशी असहकाराची चळवळ सुरू झाली होती. संघ तोवर समुद्रापलीकडे, लंडनमध्ये सराव आटोपत आलेला. १४ ऑगस्टच्या उद्‌घाटनात बॅनर्जींच्या हातात ब्रिटिश हिंदुस्थानचा झेंडा होता. मला यातून कुठलं प्रतीक काढायचं नाही. पण पुण्याच्या ज्या मंडळींनी तीनाचे सहा करवले, त्यांना नेमकं काय दिसत होतं, ते या दोन धावपटूंच्या झेंड्यांवरून समजतं.

कुस्तीबद्दल थोडक्यात, कारण तिची हकिगत वेगळ्या लेखाची आहे. नवले पहिल्याच लढतीत अमेरिकेच्या चार्ल्स जॉन्सनकडून हरले. शिंद्यांनी मात्र फेदरवेट गटात ब्रिटनच्या हेन्री इनमनला हरवलं, मग अमेरिकेच्या सॅम गर्सनकडून हार पत्करली आणि कांस्यपदकाच्या कुस्तीत ब्रिटनच्या बर्नार्डकडून. चौथे. खाशाबा जाधवांचं हेलसिंकीचं कांस्य ३२ वर्षं आधी येता येता राहिलं, आणि ज्याचं राहिलं त्याच्या आडनावाला आजही परका 'स' लटकलेला आहे.

पुन्हा चौगुल्यांकडे. त्यांचं नावही एक दस्तऐवज आहे. फडेप्पा आणि दारेप्पा, दोन्हींच्या शेवटी कानडी 'अप्पा'; आडनाव गावगाड्यातलं, पाटलाचा मदतनीस तो चौगुला. बेळगावात हे दोन्ही एका माणसात सुखाने नांदतं. १९२० मध्ये बेळगाव मुंबई इलाख्यात होतं, पुण्याहून मिरजेवरून लोंढ्याकडे जाणाऱ्या मीटरगेज रेल्वेवर. त्यामुळे डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीला बेळगावचा धावपटू येणं हे एका इलाख्याच्या आतलं येणंजाणं होतं. १९५६ मध्ये राज्यरेषा आखल्या गेल्या आणि मग चौगुले कुणाचे, असा प्रश्न विचारता येऊ लागला. त्या प्रश्नात मला रस नाही. शर्यत त्यांनी तो प्रश्न जन्माला येण्याआधीच संपवली होती.

बेळगावाकडून दुसरं एक शिकायला मिळतं. उष्ण देशातला माणूस थंड पावसात धावला म्हणून मागे पडला असणार, असं सहज सुचतं. ते सुचणाऱ्याने ऑगस्टमध्ये बेळगावला जाऊन यावं. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंच, सह्याद्रीच्या पाठीला टेकलेलं. पावसाळ्यात दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही, लाल चिखल पायाला सोडत नाही आणि संध्याकाळी अंगावर काहीतरी घ्यावं लागतं. ४८ धावपटूंत त्या दिवसाच्या हवेचा सराव ज्यांना होता त्यांत चौगुल्यांना धरावं लागेल. अडचण असेल तर ती वेगळ्या जागी: दूर देशीचं अन्न, आठवडेच्या आठवडे बोटीचा प्रवास, घाईत उरकलेलं प्रशिक्षण, आणि शर्यतीची गती कशी वाटून घ्यायची याचा युरोपीय धावपटूंना असलेला अनुभव. कोलेहमाइनेनच्या किलोमीटरला ३ मिनिटं ३४ सेकंद आणि चौगुल्यांच्या चार मिनिटांत २५ सेकंदांचं अंतर आहे. त्यातलं किती पायाचं आणि किती तालमीचं, हे जपानकडे पाहिलं की जरा उमगतं.

कारण चौगुल्यांच्या आगेमागे जपानी होते. सोळावा शिझो कानाकुरी, २ तास ४८ मिनिटं ४५.४ सेकंद, म्हणजे बरोबर दोन मिनिटं पुढे. हा तोच, जो स्टॉकहोमला उन्हाने घेरी येऊन वाटेतल्या एका बागेत थांबला आणि कुणाला न सांगता मायदेशी परतला. स्वीडनच्या लोकांनी १९६७ मध्ये त्याला बोलावून ती शर्यत पूर्ण करायला लावली. वेळ लागली ५४ वर्षं ८ महिने ६ दिवस आणि वर काही तास. ती गंमत जगभर माहीत आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे १९२० च्या फेब्रुवारीत, अँटवर्पच्या सहा महिने आधी, कानाकुरीच्या खटपटीने तोक्यो ते हाकोने आणि परत अशी विद्यापीठांची टप्प्याटप्प्याची शर्यत सुरू झाली. ती अजून दर वर्षी नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसांत होते आणि अख्खा देश दूरचित्रवाणीपुढे बसतो. २०१९ मध्ये जपानच्या सार्वजनिक वाहिनीने वर्षभराची मालिका केली, तिच्या पहिल्या भागाचा नायक कानाकुरी. अँटवर्पच्या निकालात तो आणि चौगुले यांच्यामध्ये फक्त दोन माणसं आहेत.

आपल्याकडे काय झालं ते आकड्यांतच सांगतो. १९२४ मध्ये पॅरिसला महादेव सिंग २९ वे. १९५२ मध्ये हेलसिंकीला सुरतसिंग माथुर ५२ वे, वेळ २:५८:०९. माथुरांचा उल्लेख ऑलिंपिक मॅरेथॉन पूर्ण करणारे पहिले भारतीय असा कधीकधी होतो. ते स्वतंत्र भारताचे पहिले. त्यांच्या ३२ वर्षं आधी, त्यांच्याहून अर्धा किलोमीटर लांब रस्त्यावर, चौगुले त्यांच्यापेक्षा सात मिनिटं लवकर पोचले होते. १९७६ मध्ये माँट्रियलला शिवनाथ सिंग ११ वे आले, २ तास १६ मिनिटं २२ सेकंदांत. योगायोग असा की शिवनाथ सिंगांची ख्याती अनवाणी धावण्याचीच. पण त्यांची वेळ लोकांना ठाऊक आहे, म्हणून अनवाणीपणा तिच्या शेजारी नीट बसतो, तिला झाकत नाही.

शेवटी, त्या एकोणिसाव्या ओळीच्या खालची ओळ. विसावा, जपानचा झेनसाकू मोतेगी, २ तास ५१ मिनिटं ९.४ सेकंद. चौगुल्यांच्या मागे २४ सेकंद. चार मिनिटांना किलोमीटर या गतीने हे अंतर शंभर मीटर होतं. शर्यत सुरू झाली आणि संपली ती बेअरस्कॉटच्या मैदानात, जिथली धावपट्टी एका फेरीला ३९० मीटरला जराशी कमी होती आणि त्या ऑगस्टमधल्या पावसाने जड झाली होती. म्हणजे चौगुले अंतिम रेषेकडे वळत होते तेव्हा मोतेगी त्याच पट्टीवर, त्यांच्या पाठीशी, नजरेच्या टप्प्यात होता. ४२ किलोमीटर धावून झाल्यावर मागच्याची चाहूल लागली की माणूस काय करतो, ते कुणाही धावणाऱ्याला विचारावं. चौगुल्यांनी त्याला पुढे जाऊ दिलं नाही. त्या दोघांनंतर मैदानाच्या दरवाज्यातून जवळजवळ सहा मिनिटं कुणीच आत आलं नाही.